समुद्री मत्स्यालयात माशांची संगत : होसकोटे येथील एका टाकीचा अभ्यास

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने सागरी माशांवर लेख लिहावा, हे वाचकांस काहीसे अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. म्हणून त्यामागील कारण प्रारंभीच सांगतो. होसकोटे तालुक्यातील एक तुती-उत्पादक शेतकरी रेशीमकिडीवरील उझी माशीच्या नियंत्रणानिमित्त गेली काही वर्षे माझ्या संपर्कात आहेत. मी त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी नवे घर बांधले आणि मुलाच्या हौसेखातर दिवाणखान्यात ६ फूट लांब, २ फूट रुंद व २ फूट उंच अशी काचेची टाकी बसवून घेतली. टाकी खाऱ्या पाण्याची होती. समुद्रापासून इतक्या दूर, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, हा उद्योग त्यांना कोणी सुचविला हे मी विचारले नाही. त्यांनी मात्र मला विचारले, "सर, आमच्या शेततळ्यात कटला, रोहू, मृगल एकत्र सुखाने राहतात. तसे या टाकीत कोणते मासे एकत्र सोडावेत?"

प्रश्न रास्त होता. त्याचे मी दिलेले उत्तर चुकीचे ठरले. पाच आठवड्यांच्या आत नऊपैकी सहा मासे मेले. पुढे दीड वर्ष ती टाकी, तिच्या नोंदवहीसह, माझ्या अभ्यासाचा विषय झाली. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत २०२० पासून शोभिवंत माशांच्या परसातील, मध्यम व एकात्मिक घटकांना अर्थसाहाय्य मिळते आणि त्यात गोड्या पाण्याबरोबर सागरी माशांचाही समावेश आहे. त्यामुळे विस्तार कार्यकर्त्यांपुढे असे प्रश्न आता वरचेवर येऊ लागले आहेत. शेतकरी मासे विकणार असो वा केवळ पाळणार असो, कोणता मासा कोणाबरोबर राहू शकतो हे ठाऊक नसेल तर पैसा जातोच, शिवाय प्रवाळखडकावरून पकडून आणलेला जीव अकारण मरतो.

संमिश्र मत्स्यसंवर्धनाचा दाखला कोठे तुटतो

माझा सल्ला ज्या विचारावर उभा होता तो आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे. कटला पृष्ठभागी खातो, रोहू मधल्या थरात, मृगल तळाशी. तिघांचे ताट वेगळे असल्याने एकाच तळ्यातील सर्व अन्नाचा उपयोग होतो. देशी व विदेशी कार्प माशांच्या या संमिश्र संवर्धनावर १९७१ पासून अखिल भारतीय समन्वित प्रकल्प राबविला गेला आणि आज गावोगावच्या तळ्यांत तीच पद्धत दिसते. मीही तसेच केले. वर पोहणारे, मध्ये पोहणारे व तळाशी राहणारे अशी वाटणी केली, रंगांची थोडी विविधता साधली आणि यादी दिली ती अशी : तीन ठिपक्यांचे दोन डॅमसेल, दोन लहान क्लाऊनफिश, एक पावडर ब्ल्यू टँग, एक एम्परर एंजलफिशचे पिल्लू, एक लहान लायनफिश आणि दोन मँडरिन मासे.

कार्पच्या तळ्यात ही वाटणी यशस्वी होते त्यामागे काही गोष्टी गृहीत असतात, त्यांचा मी विचार केला नव्हता. तिन्ही जातींपैकी कोणीही दुसऱ्यास खात नाही. बोटुकली सोडताना ती साधारण एकाच आकाराची असतात. दहा-बारा महिन्यांत, बहुधा प्रजोत्पादनाच्या वयास येण्यापूर्वीच, मासे काढले जातात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यांतील एकही मासा तळ्याचा अमुक कोपरा आपला म्हणून राखत नाही. तेथे स्पर्धा अन्नाची असते, आणि अन्न तर आपण बाहेरूनही घालतो.

प्रवाळखडकावरील माशांची स्पर्धा मुख्यतः जागेची असते. रात्री लपण्यास कपार, अंडी घालण्यास दगडाचा तुकडा, चरण्यास शेवाळाचा पट्टा. शेवाळ खाणाऱ्या कित्येक डॅमसेल जाती साधारण एक-दोन चौरस मीटरचा तुकडा स्वतःचा मानून राखतात. त्यांतील काही तर नको असलेले शेवाळ तोंडाने उपटून बाहेर टाकतात आणि हवे तेवढेच वाढू देतात. बुरशीची बाग करणारी वाळवी ज्याने अभ्यासली आहे त्याला हे शेतकरी मासे पाहून मोह पडल्यावाचून राहत नाही. पण त्यातील गणित निष्ठुर आहे. अण्णांच्या टाकीचा तळ १२ चौरस फूट, म्हणजे सुमारे १.१ चौरस मीटर. समुद्रात जेवढी जागा एक मासा स्वतःसाठी राखतो, तेवढ्यात आम्ही नऊ मासे सोडले होते. तिला मोठी टाकी म्हणणे हा केवळ आपला दृष्टिकोन होय.

पाच आठवड्यांत काय घडले

डॅमसेल सर्वप्रथम आले. हा मासा स्वस्त व चिवट असल्याने टाकी पक्व होण्यासाठी आधी तोच सोडावा, असा सल्ला दुकानांतून सर्रास दिला जातो. युरियाचे जमिनीत जे होते तेच टाकीत माशांच्या विष्ठेचे होते. अमोनियाचे नायट्राइट व त्याचे नायट्रेट करणारे जीवाणू वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर पाणी विषारी असते. चिवट मासा ते सोसतो हे खरे, परंतु त्या काळात तो सर्व कपारींचा मालक होऊन बसतो. नंतर येणारा प्रत्येक मासा त्याच्या लेखी घुसखोर असतो. माशाशिवाय, केवळ अमोनियाचा मोजका डोस देऊनही टाकी पक्व करता येते आणि तेच योग्य आहे.

क्लाऊनफिश दोन्ही तीन सेंटिमीटरचे होते. लायनफिश दहा सेंटिमीटरचा. तिसऱ्या रात्री एक आणि सहाव्या रात्री दुसरा नाहीसा झाला. टाकीतील मासा 'हरवला' असे अण्णांच्या मुलाने सांगितले तेव्हा लायनफिशचे पोट पाहून मला उलगडा झाला. हा मासा पाठलाग करीत नाही, पंख पसरून सावजाला कोपऱ्यात घेतो व तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. त्याच्या स्वभावात भांडखोरपणा मुळीच नाही. विक्रेते 'शांत मासा' असे त्याचे वर्णन करतात ते खोटे नाही, अपुरे आहे. भक्षक शांतच असतो. चतुर भांडतो म्हणून डास खात नाही. तोंडात मावेल तो मासा हे त्याचे अन्न, एवढाच नियम येथे आहे आणि ग्रूपर, मोरे ईल, फ्रॉगफिश या सर्वांना तो लागू आहे.

मँडरिन मासे भक्ष्य झाले नाहीत, कारण त्यांच्या अंगावरील चिकट द्रव तिखट व विषारी असतो. ते उपाशी मेले. हा मासा दिवसभर दगडांवरून फिरत सूक्ष्म कोपेपॉड टिपतो, दिवसाकाठी हजारांच्या संख्येने. नव्या टाकीत कोपेपॉडांची वस्तीच नव्हती. वरून टाकलेल्या खाद्यकणांकडे दोन्ही माशांनी पाहिलेही नाही. रेशीमकिडीला तुतीच्या पाल्याऐवजी गवत देण्यासारखीच ही चूक होती आणि ती एका कीटकशास्त्रज्ञाकडून व्हावी याचे अण्णांना हसू आले. मलाही यावयास हवे होते. मूरिश आयडॉल आणि केवळ प्रवाळाचे मांस खाणारे काही बटरफ्लायफिश याच कारणाने घरगुती टाकीत टिकत नाहीत. दुकानात मासा घेण्यापूर्वी तो आपल्या डोळ्यांसमोर खाताना पाहावा. विक्रेता नकार देत असल्यास मासा घेऊ नये.

टँग आणि एंजल यांचा शेवट अधिक गुंतागुंतीचा होता. टँग सर्वांत शेवटी आला, परंतु विलगीकरणाशिवाय. डॅमसेलनी त्याला दोन दिवस कोपऱ्यात दाबून धरले. तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, आणि दहाव्या दिवशी एंजलच्याही. हा क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स नावाचा पक्ष्माभिकाधारी परोपजीवी. त्याचा जीवनक्रम जाणून घेतल्यावाचून संगतीचा प्रश्न सुटत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो.

परोपजीवी माशाच्या कातडीखाली व कल्ल्यांत काही दिवस वाढतो, साधारण तीन ते सात. मग तो मासा सोडतो आणि वाळूवर अथवा दगडावर कोष करून बसतो. कोषात त्याचे विभाजन होऊन शेकडो पिल्ले तयार होतात. काही कोष तीन दिवसांतच फुटतात, काही कित्येक आठवडे तसेच राहतात. बाहेर पडलेल्या पिल्लास एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरते. ठिपके नाहीसे झाले म्हणजे मासा बरा झाला असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात तो कीडसंख्येच्या दोन पिढ्यांमधील काळ असतो. पिकावरील किडीच्या पिढ्या ज्यांनी मोजल्या आहेत त्या वाचकांना हे वेगळे सांगावयास नको. औषध कोषावर चालत नाही, मुक्त पोहणाऱ्या पिल्लावर चालते, म्हणून ते सलग तीन ते सहा आठवडे द्यावे लागते.

औषध म्हणजे तांबे. बोर्डो मिश्रणातील मोरचूद वापरणाऱ्या शेतकऱ्याला ते ठाऊकच असते. मुक्त तांब्याचे प्रमाण लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम राखावे लागते. त्याखाली परिणाम नाही, त्यावर मासा दगावतो. चाचणी संचाशिवाय तांबे वापरणे म्हणजे डोळे मिटून फवारणी करणे. शिवाय हे औषध मुख्य टाकीत कधीही घालू नये. कोळंबी, खेकडे, शिंपले व समुद्रफुले तांब्याने मरतात आणि खडक तांबे शोषून घेऊन पुढे कित्येक दिवस सोडीत राहतो. आम्ही हे उशिरा समजलो, तरी तांबे मुख्य टाकीत घालण्याच्या मोहातून मात्र वाचलो.

एकाच मुशीतून आलेले भांडतात

ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झ यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आक्रमकतेवरील १९६३ च्या त्यांच्या ग्रंथाची सुरुवातच प्रवाळमाशांपासून होते. भडक रंगांचे मासे आपल्याच जातीवर सर्वाधिक तुटून पडतात आणि ते रंग म्हणजे स्वजातीयांना दुरून दिलेली ताकीद होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील अभ्यासकांनी त्यातील सरसकटपणा अमान्य केला. रंगांची इतर कार्येही आहेत आणि डॅमसेल तर परजातीयांवरही धावतात. तरीही टाकीपुढे उभे राहून निर्णय घेणाऱ्यासाठी लोरेन्झ यांचे निरीक्षण आजही उपयोगी आहे. ज्याचा आकार, रंग आणि अन्न आपल्यासारखे, तो आपला प्रतिस्पर्धी, असे मासा मानतो.

म्हणून एका टाकीत एकच टँग. फार तर वेगळ्या ठेवणीचा दुसरा, तोही टाकी आठ फुटांची असल्यास. मोठ्या एंजलफिशपैकी एकच. डॉटीबॅक एकच, आणि तोही शेवटी. एम्परर एंजलच्या बाबतीत निसर्गाने एक गंमत केली आहे. त्याच्या पिल्लाच्या निळ्या अंगावर पांढरी वर्तुळे असतात, तर प्रौढ माशावर पिवळे आडवे पट्टे. दोघांत इतका फरक की बालमाशाला एके काळी वेगळी जात समजून स्वतंत्र नाव दिले गेले होते. सुरवंट आणि फुलपाखरू यांच्याबाबत जुन्या संग्राहकांकडून असेच होई. प्रौढाच्या राज्यात पिल्लाला वावरता यावे म्हणून हा वेगळा पोशाख असावा, असा एक अर्थ लावला जातो. खरेदीदारासाठी त्याचा अर्थ निराळा आहे. दुकानातील सहा सेंटिमीटरचे निळे पिल्लू ४० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि वाढता वाढता पोशाखासह स्वभावही बदलते. ६ फुटी टाकीत त्याला जागा नाही. मी ते यादीत घेतले ही माझ्या चुकांपैकी सर्वांत अक्षम्य. निवड नेहमी पूर्ण वाढीच्या मापाने करावी. आंब्याचे कलम लावताना आपण झाडाच्या विस्ताराइतके अंतर सोडतो, कलमाच्या उंचीइतके नव्हे.

स्वजातीयांशी न भांडणारे म्हणून क्लाऊनफिशचे नाव घेतले जाते, ते अर्धसत्य आहे. हे मासे सर्व नर म्हणून वाढतात. गटातील सर्वांत मोठा मादी होतो, त्याखालचा प्रजननक्षम नर आणि बाकीचे खालच्या पायरीवर अडकून राहतात. मादी मेली की नर मादी होतो. म्हणून दोन लहान, परंतु थोड्या वेगळ्या आकाराची पिल्ले एकत्र आणली तर जोडी आपोआप जुळते. दोन मोठे मासे वेगवेगळ्या ठिकाणांहून आणले तर त्या दोन माद्या असण्याची शक्यता असते आणि त्यांतील एकच जिवंत राहते. तीन-चार आणून 'कळप' करण्याचा प्रयत्नही बहुधा दोनांवर येऊन थांबतो. हिरव्या क्रोमिसचे तसेच. समुद्रात शेकड्यांनी राहणारा हा मासा सहाच्या गटाने आणला की दर महिन्यास एक कमी होत जातो.

पाणी, वीज आणि डासांचे यंत्र

हा लेख माशांच्या निवडीविषयी असला तरी किती मासे हा प्रश्न पाण्याशी बांधलेला आहे. अण्णांच्या टाकीचे आकारमान ६८० लिटर भरते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी सुमारे ५५० लिटर. लिटरला ३५ ग्रॅम क्षार या हिशेबाने पहिल्या भरणीस १९ किलोहून अधिक सागरी मीठ लागले. जेवणातील मीठ येथे चालत नाही. कूपनलिकेचे पाणी कठीण असते आणि शेतीच्या पट्ट्यात त्यात नायट्रेट उतरलेले असते, म्हणून ते आरओ संयंत्रातून काढूनच वापरावे. बाष्पीभवनाने पाणी उडते, क्षार उडत नाहीत. रोजची घट गोड्या आरओ पाण्यानेच भरावयाची असते. अण्णांच्या घरी पहिले दोन आठवडे ती खाऱ्या पाण्याने भरली जात होती.

उंचीचा मुद्दा मात्र मला कोठे वाचावयास मिळाला नाही, तो आमच्या नोंदवहीतून पुढे आला. २६ अंश सेल्सियसच्या समुद्रपाण्यात समुद्रसपाटीला लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, गोड्या पाण्यापेक्षा दीड मिलिग्रॅमने कमी. होसकोट्यास हवेचा दाब सुमारे एक दशांशाने कमी असल्याने तो आणखी खाली, सहाच्या जवळ येतो. मुंबई-कोचीच्या अनुभवावरून ठरविलेली माशांची संख्या दख्खनच्या पठारावर जशीच्या तशी घेऊ नये. वीज गेली की रात्री प्रथम मोठे, सतत पोहणारे मासे गुदमरतात, त्यामुळे बॅटरीवरील हवापंप ही चैनीची वस्तू नव्हे. मार्च ते मेमध्ये पाणी २८ अंशांवर जाऊ लागल्यास चिलर आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटर, दोन्हींची येथे गरज भासते.

आता माझ्या विषयाकडे. दुसऱ्या भरणीनंतर चौथ्या महिन्यात टाकीतील स्वच्छक कोळंबी एका रात्रीत मेल्या. मासे ठीक होते. पाण्याच्या सर्व चाचण्या बरोबर आल्या. तेव्हा हवापंपाच्या शेजारच्या प्लगमध्ये डास घालविणारे द्रवाचे यंत्र लावलेले दिसले. त्या द्रवात ट्रान्सफ्लुथ्रिन अथवा प्रॅलेथ्रिन असते, आणि हवापंप खोलीतील हवाच पाण्यात सोडत असतो. हेच कारण असे प्रयोगाने सिद्ध केलेले नाही. तथापि पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना विषारी आणि कोळंबीवर्गीय प्राण्यांना त्याहून कितीतरी अधिक घातक, हे निर्विवाद आहे. कीटक आणि कोळंबी दोन्ही संधिपाद. एकाच्या चेतातंतूवर जे चालते ते दुसऱ्याच्याही. फळपोखरीसाठी वापरले जाणारे इमामेक्टिन बेंझोएट आणि कायटिन-निर्मिती रोखणारे डायफ्लुबेन्झुरॉन ही दोन्ही युरोपात सामन माशांवरील उवांसाठी वापरली जातात, कारण त्या उवाही कवचधारीच आहेत. तेव्हा ज्या घरी मत्स्यालय आहे तेथे मुंग्यांचा खडू, झुरळांचा फवारा आणि डासांचे यंत्र त्या खोलीत नसावे. खिडकीस जाळी लावावी. तुतीवर वा गुलाबावर फवारणी करून आलेला हात साबणाने धुतल्यावरही त्या दिवशी टाकीत घालू नये.

कोठून आणावे आणि काय आणू नये

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समुद्रघोडे व त्यांच्या कुळातील सर्व मासे, दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रकाकड्या, राक्षसी शिंपला आणि महाकाय ग्रूपर यांचा समावेश आहे. दुकानात 'लाइव्ह रॉक' म्हणून मिळणारा समुद्रातील दगड बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो, त्यामुळे तो घेणे अडचणीत आणू शकते. भाजलेल्या मातीचा किंवा सिमेंटचा सच्छिद्र कृत्रिम खडक जीवाणूंना तितकाच चालतो. पक्व होण्यास काही आठवडे अधिक लागतात, इतकेच. मालवणच्या सागरी अभयारण्याची अधिसूचना १९८७ मध्ये निघाली, त्या परिसरातील प्रवाळ किती थोड्या जागेत तग धरून आहे हे ज्याने पाहिले असेल त्याला याचे कारण पटवावे लागणार नाही.

माशांच्या बाबतीत शक्य तेथे उबवणीकेंद्रात जन्मलेला मासा घ्यावा. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या विळिंजम व मंडपम् येथील केंद्रांनी क्लाऊनफिश आणि डॅमसेलच्या अनेक जातींचे बीजोत्पादन साध्य केले आहे. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर स्थानिक महिलांना शोभिवंत कोळंबीच्या संगोपनात उतरविले, तर ऐरोली येथे महाराष्ट्राच्या कांदळवन प्रतिष्ठानाच्या सहकार्याने क्लाऊनफिशचे उबवणीकेंद्र उभे केले. असा मासा कोरडे खाद्य खातो, काचेला सरावलेला असतो आणि त्यावर परोपजीवींचा भार कमी असतो. रोगमुक्त अंडीपुंज आणि बाजारातील अनोळखी अंडीपुंज यांत जो फरक, तोच येथे. रामनगरच्या बाजारात कोष घेऊन जाणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांना ही तुलना लगेच उमगते.

विलगीकरणासाठी ८०-१०० लिटरची साधी टाकी, स्पंजचा गाळणीपंप आणि लपण्यास प्लास्टिक नळीचे तुकडे पुरतात. वाळू घालू नये. प्रत्येक नवा मासा तेथे किमान चार आठवडे राहावा. अण्णांचा आक्षेप होता की दीड लाख रुपयांच्या टाकीत मासा सोडण्याआधी महिनाभर तो बादलीसारख्या टाकीत का पाहावा. चॉकी संगोपनगृहात चपला बाहेर काढून, हात निर्जंतुक करून मी का जातो, असा प्रतिप्रश्न मी केला. त्यानंतर आक्षेप आला नाही.

दुसरी भरणी

लायनफिश आणि दोन डॅमसेल दुकानास परत दिले. टाकी अडीच महिने माशांविना चालू ठेवली, म्हणजे कोष फुटून निघालेल्या पिल्लांना आश्रयदाता मिळू नये. या काळात खडकांची मांडणी बदलली. एका लांब ढिगाऐवजी दोन वेगळे ढीग केले, मध्ये मोकळी वाळू ठेवली आणि माशांच्या नियोजित संख्येच्या दुपटीने कपारी राहतील असे पाहिले. दृष्टी अडली की भांडण अर्धे होते.

मासे सोडण्याचा क्रम भित्र्यापासून धीटाकडे असा ठरविला. प्रथम अल्फियस कोळंबीसह एक गोबी. कोळंबी बीळ खणते, गोबी पहारा देतो. कोळंबीला दिसते फार कमी, म्हणून ती आपली एक मिशी सतत माशाच्या अंगाला लावून असते. महिनाभराने एक फायरफिश. हा मासा घाबरला की उडी मारतो, म्हणून टाकीवर बारीक जाळीचे झाकण. त्यानंतर उबवणीकेंद्रातील दोन क्लाऊनफिश. मग एक पिवळा हॅलिकोएरस रास, ज्याला रात्री पुरून घेण्यास पाच-सहा सेंटिमीटर वाळूचा थर लागतो. सहाव्या महिन्यात एक हेनिओकस. तो दिसण्यास मूरिश आयडॉलसारखा, परंतु प्लवक खाणारा व मिळेल ते स्वीकारणारा आहे. प्रवाळ ठेवावयाचे नसल्याने त्याची अडचण नव्हती. सर्वांत शेवटी, नवव्या महिन्यात, एक पिवळा टँग. हा साधारण २० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. हवाईतील ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये त्याचे बंदिस्त प्रजनन प्रथमच साधले, त्यामुळे पुढे तो रानातून पकडावा लागणार नाही अशी आशा आहे.

प्रत्येक नवा मासा प्रथम छिद्रे पाडलेल्या पारदर्शक डब्यात टाकीतच पाच दिवस ठेवला. जुने मासे डब्यावर धडका मारून थकतात आणि मग त्याची दखल घेणे सोडतात. ते सोडले की डबा उघडावयाचा, दिवे मालवून, बाकीच्यांना पोटभर खाऊ घातल्यानंतर. टँगच्या वेळी क्लाऊनफिशची मादीच अधिक चवताळली. तेव्हा टाकीच्या बाहेरून एक आरसा टेकवून ठेवला. ती तीन दिवस स्वतःच्या प्रतिमेशी भांडत राहिली आणि टँगला कपार शोधण्यास अवधी मिळाला. आरशाची युक्ती अण्णांच्या पत्नीची. पोपटाच्या पिंजऱ्यावरून तिला ती सुचली होती.

एकूण सात मासे. ५५० लिटरमध्ये एवढेच का, असे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. यांतील हेनिओकस अजून वाढणार आहे, आणि रात्री वीज गेली की प्राणवायू सातांनाच पुरवावयाचा असतो. पाहुण्यांना दिसावेत म्हणून आणखी दोन डॅमसेल आणण्याचा विषय अण्णांच्या मुलाने गेल्या महिन्यात पुन्हा काढला. नोंदवहीचे पहिले पाच आठवडे त्याला वाचावयास दिले आहेत. उत्तर अजून आलेले नाही.